रोहित वेमुलाची बातमी आली तेव्हा तुमच्या घरातलं पहिलं वाक्य काय होतं?

पर्वरी (धागाकर्ती)

१७ जानेवारी २०१६ हा रविवार होता. आदल्या दिवशी अस्मिताय दीस, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाचा दिवस. आमच्या मराठीवाल्या घरात त्या दिवशी दरवर्षी जुनी भांडणं उकरली जातात, तशी ती उकरून झाली होती. सोमवारी सकाळी पोदेर, म्हणजे पाव-उंडे विकणारा, नुकताच येऊन गेला होता आणि नवरा फोनवरून वाचत होता: हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या मुलाने वसतिगृहात आत्महत्या केली, वय २६. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अरे, पण त्याला फेलोशिप मिळत होती ना?"

मिळत नव्हती. सात महिन्यांचे पावणेदोन लाख अडकले होते. त्याच्या शेवटच्या पत्रात हा हिशेब आहे. ते पैसे घरच्यांना मिळतील असं बघा आणि एका मित्राचे चाळीसेक हजार त्यातून द्या, असंही आहे. हे मी नंतर वाचलं. वाक्य त्याआधीच बोलून झालं होतं.

आपल्याकडे त्याच्यावर कविता झाल्या, निषेधसभा झाल्या, शिव्याही झाल्या. मला ते नको आहे. बातमी कानावर पडल्यावर तुम्ही किंवा तुमच्या शेजारच्या माणसाने पहिलं काय म्हटलं, तेवढं लिहा. गोव्यातलंच लिहा, कारण आपण इथे "आमच्या गोंयांत जात ना" म्हणून हात झटकून मोकळे होतो. कृपा करून त्याने जीव कसा दिला ते लिहू नका. तो भित्रा होता की शूर, हाही निकाल इथे नको.

पणजी, तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक

मी सोमवारी संध्याकाळी पाळीवर होतो. एजन्सीच्या मजकुरावर मी मथळा दिला, "निलंबित दलित विद्यार्थ्याची आत्महत्या". वरिष्ठांनी 'दलित' खोडला. "जात कशाला? विद्यार्थी म्हण." मी म्हटलं, आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा कार्यकर्ता होता, त्याच्यासकट पाच जणांना वसतिगृहातून आणि कॅम्पसमधल्या सार्वजनिक जागांतून बाहेर काढलं होतं, ते विद्यापीठात तंबू ठोकून राहत होते, जात वगळून ही बातमी वाचकाला कळणार कशी? ते म्हणाले, "दोन कॉलमची जागा आहे. सगळं कळायला हवंच असं नाही."

'निलंबित'सुद्धा गेला. 'विद्यार्थ्याची आत्महत्या' एवढंच छापून आलं. परीक्षेत नापास झाला असावा असं वाटण्यासारखं.

शुक्रवारी, २२ तारखेला, लखनौच्या आंबेडकर विद्यापीठात पंतप्रधानांच्या भाषणात मुलांनी घोषणा दिल्या, आणि पंतप्रधान म्हणाले की भारतमातेने आपला एक सुपुत्र गमावला. त्या रात्री तेच वरिष्ठ माझ्या टेबलापाशी आले. "आता पहिल्या पानावर घे. दलित लिही." पाच दिवसांत शब्द चालू लागला. मी लिहिला. त्याचा आनंद झाला नाही, हे इथे नोंदवतो.

डिचोली, निवृत्त शिक्षक

मी मराठी प्राथमिक शाळेत ३१ वर्षे शिकवले. माझे वाक्य २०१६ चे नाही, त्याच्या बरेच आधीचे आहे, परंतु त्या बातमीने ते वर आणले.

११ जूनला साने गुरुजींची पुण्यतिथी. शाळा नुकती उघडलेली असते, पाऊस धो धो, पोरांच्या छत्र्या वर्गाबाहेर ओळीने. मी दरवर्षी गुरुजींची गोष्ट सांगायचो. अमळनेरची शाळा, तुरुंग, आणि १९४७ च्या मे महिन्यातले पंढरपूरचे उपोषण. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून माणूस दहा दिवस उपाशी बसला आणि दार उघडायला लावले. इथे वर्ग गप्प व्हायचा. एका वर्षी तिसरीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी कशान वारले?"

मी म्हणालो, "आजारी होते."

मला ठाऊक होते. १९५० साली वयाच्या पन्नाशीत त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली. पंढरपूरला तीनच वर्षे झाली होती, गांधीजींच्या खुनाला दोन. आमच्या पिढीच्या शिक्षकांत याविषयी एक न बोललेला करार होता. उपोषण सांगायचे, शेवट सांगायचा नाही. का? मुलांच्या मनावर परिणाम होईल म्हणून, असे आम्ही म्हणत असू. खरे कारण निराळे असावे. शेवट सांगितला तर पुढचा प्रश्न येतो की असे काय झाले होते या देशात, की इतक्या प्रेमळ माणसाला राहवेना? त्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते.

रोहितची बातमी वाचली तेव्हा बाजारातल्या चहाच्या दुकानात बसलो होतो. शेजारचा म्हणाला, "डिप्रेशन आसतलें." मी मान डोलावली. म्हणजे पुन्हा तेच, "आजारी होते".

फोंडा

आईचं वाक्य: "त्याची आई शिवणकाम करते म्हणे." बस. माझी आईपण ब्लाउज शिवूनच आम्हाला शिकवत होती. राधिका वेमुला टीव्हीवर आल्या की ती मशीन थांबवायची. २०१९ ला, मुंबईत आत्महत्या केलेल्या डॉक्टर पायल तडवीच्या आईबरोबर त्या सुप्रीम कोर्टात गेल्या, कॉलेजांतल्या जातिभेदाविरुद्धचे नियम नीट लागू करा म्हणून, तेव्हासुद्धा मशीन थांबलेली आठवते. राजकारण वगैरे आईला सांगता येणार नाही.

पेडणे

ओळख सांगूनच लिहितो. आम्ही म्हार. आजा सुपं आणि टोपल्या विणायचा, बाप सरकारी शिपाई, मी तेव्हा ताळगावच्या पठारावर विद्यापीठात एमए करत होतो. गोव्यात अनुसूचित जाती पावणेदोन टक्के, विधानसभेच्या ४० जागांपैकी राखीव एकच, तीही आमची पेडणेची. इतके थोडे आहोत की दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून जात नाही. असं गणित आहे ते.

बाबा फोनवर म्हणाले, "तू खंयच्या मोर्च्याबिर्च्यात जाव नको." त्यानंतर दोन मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग म्हणाले, "जेवलस?"

मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगतो. पत्र नव्हे. पत्र मी तेव्हा अर्धंच वाचलं. त्या पाच जणांनी उघड्यावर जो तंबू उभारला होता त्याला त्यांनी 'वेलिवाडा' नाव दिलं होतं. तेलुगूत गावाबाहेरच्या आपल्या वस्तीला तसं म्हणतात. ते नाव फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, वर बाबासाहेबांचा फोटो. आणि मी कदंबाच्या बसमध्ये कंडक्टरला आमच्या वाड्याचं नाव न सांगता अलीकडच्या देवळाचं नाव सांगून उतरत होतो आणि पुढे चालत जात होतो. पाच वर्षं. ज्या देवळाचं नाव घ्यायचो तिथे आम्ही महाजन, म्हणजे देवळाचे हक्कदार, नाही, होऊही शकत नाही. ते १९३३ च्या पोर्तुगीज कायद्याने वंशपरंपरेने ठरलेलं आहे. पण स्टॉप म्हणून चालतं.

त्या आठवड्यात एकदा वाड्याचं नाव घेऊन तिकीट काढलं. कंडक्टरने ढुंकूनही बघितलं नाही. इतकी वर्षं मी कोणाला घाबरत होतो, देव जाणे.

म्हापसा

धाग्यात दुसरी बाजू हवी म्हणून लिहितोय, शिव्या पडल्या तरी चालतील. मी तेव्हा त्या मुलांच्या विरोधातल्या विद्यार्थी संघटनेत होतो. आमच्या ग्रुपवर पहिलं वाक्य आलं, "तो दलित नव्हताच." मी ते १४ ग्रुपांवर पाठवलं. १४ हा आकडा लक्षात आहे, कारण तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

युक्तिवाद असा की वडील वड्डेरा, म्हणजे ओबीसी, म्हणून मुलगाही ओबीसी. आईची जात माला, म्हणजे अनुसूचित जात, आणि आईनेच वेगळं राहून मुलांना वाढवलं, हे आमच्या मेसेजमध्ये नव्हतं. पुढे वकिली शिकताना कळलं की २०१२ मध्येच सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात आपोआप बापाची धरायची नाही, तो कुठल्या समाजात वाढला, त्याला काय सोसावं लागलं ते बघायचं. म्हणजे आम्ही ठोकत होतो तो कायदा आमच्या बाजूचा नव्हताच.

पण सगळाच माघारी फिरलोय असंही समजू नका. मृत्यूनंतर तासाभरात झेंडे घेऊन येणाऱ्यांचा मला आजही राग येतो, कुठल्याही रंगाचे असोत. मे २०२४ मध्ये तेलंगण पोलिसांचा केस बंद करण्याचा अहवाल बाहेर आला, त्यातही पुन्हा जातच. तो दलित नव्हता आणि ते उघड होईल अशी त्याला भीती होती, असं. आईने हरकत घेतल्यावर पुढे तपास करू म्हणाले. आठ वर्षांनी पोलीस आमच्या १४ ग्रुपांच्या वाक्यावर येऊन थांबले होते. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

वास्को

आमचे आईवडील सोलापूरकडचे. आई बंदराजवळच्या वस्तीत झाडू मारायची. जातीचा दाखला महाराष्ट्राचा. गोव्यात जन्मून, गोव्यात दहावी करूनही इथली सवलत नाही, कारण स्थलांतर केलेल्याचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणाला चालत नाही. तर आम्ही शिवी खाताना दलित आणि फॉर्म भरताना जनरल.

वाक्य माझ्या मुकादमाचं: "बघ, शिकून काय मिळालं?" मी तेव्हा रात्रीच्या कॉलेजला जात होतो. त्याला वाईट बोलायचं नव्हतं. तो खरंच विचारत होता.

मडगाव, समुपदेशक

मी इथे थोडा वाद घालणार आहे. त्या महिन्यात माझ्याकडे एक मुलगा आला. कुठला, कोण, काही लिहीत नाही. त्याच्या मोबाईलच्या पडद्यावर रोहितचा फोटो होता, खाली 'बलिदान' असं लिहिलेलं. तो म्हणाला, "मॅडम, तो गेल्यावरच सगळ्यांनी ऐकलं ना?"

मला उत्तर सुचलं नाही. पाचेक सेकंद. आमच्या कामात पाच सेकंद फार असतात.

म्हणून मला 'बलिदान' शब्द सोसवत नाही. वसतिगृहात एकटा बसलेला कोणीतरी तो फलक वाचत असतो. आणि 'डिप्रेशन असेल' हेही तितकंच खोटं, कारण ज्याचे पैसे थांबवले, खोली काढून घेतली, त्याच्या दुःखाची तपासणी फक्त त्याच्या डोक्यात करायची, हे कुठलं शास्त्र? तेव्हा तर कायदाही असा की प्रयत्न करून वाचलेल्या माणसावर गुन्हा दाखल व्हायचा. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आल्यावर असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं ठरलं. मी त्या मुलाला शेवटी एवढंच म्हटलं, "तुझं मी आत्ता ऐकतेय. तो असता तर त्याचंही ऐकलं असतं." तो पुढे नियमित येत राहिला. आता नोकरी करतो, दिवाळीला मेसेज करतो.

वाचणाऱ्यांपैकी कोणाला तसं वाटत असेल तर १४४१६ वर, टेली-मानसला, फोन करा. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

पेडणे

मॅडम, 'बलिदान' नको, मान्य. मग 'संस्थात्मक हत्या' म्हणायचं की नाही? आम्ही ते म्हणायचं थांबवलं तर मागे उरतं ते 'विद्यार्थ्याची आत्महत्या', दोन कॉलम. पणजीवाल्यांनी वर लिहिलंय बघा.

मडगाव, समुपदेशक

म्हणा. मोर्च्यात म्हणा, कोर्टात म्हणा. फक्त त्याच्या फोटोखाली लिहू नका. यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

केपे

आमी वेळीप. २००३ मध्ये आमच्या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि कागदावरच राहिला, म्हणून २५ मे २०११ ला बाळ्ळीला आंदोलन झालं. त्यात आमचे दोन तरुण आगीत गेले. मी तिथे होतो, त्याविषयी इथे जास्त लिहिणार नाही. त्यांना सगळे हुतात्मा म्हणतात, मंत्रीसुद्धा. दरवर्षी हार घालतात.

रोहितची बातमी आली तेव्हा आमच्या बैठकीत एक जाणता म्हणाला, "आमच्यांक मारलें, हाणें आपूणच जीव दिलो. वेगळें तें." सगळ्यांनी मान हलवली. मी पण. मग वाडीवरची एक म्हातारी, जी कधी बैठकीत बोलत नाही, ती म्हणाली, "आवयक किदें वेगळें?" आईला काय वेगळं?

त्यानंतर विषय बदलला. रस्त्याच्या डांबरीकरणावर गेलो.

डिचोली, निवृत्त शिक्षक

केपेकरांचे वाचून पुन्हा लिहितो आहे. नात यंदा चौथीत आहे. काल तिला गुरुजींची गोष्ट पूर्ण सांगितली, शेवटासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "त्यांका कोण मित्र नाशिल्ले?" मी म्हटले, खूप होते. तिला ते पटलेले दिसले नाही.

पर्वरी (धागाकर्ती)

नवऱ्याने आज सगळा धागा वाचला. म्हणतो, फेलोशिपवालं वाक्य तुझं नव्हतंच, माझं होतं. मी काय म्हणाले मग? म्हणाला, "तू विचारलंस, उंडे चार पुरे का?"