मदत हवी आहे : रतनगडावरून साम्रदला उतरलो तर रतनवाडीत ठेवलेल्या गाडीचं काय?

सोनकी | गुरुवार, रात्री ९.४०
परवा पहाटे निघायचंय आणि एकाच गोष्टीवर घोडं अडलंय. रतनवाडीतून शिड्यांच्या वाटेने रतनगड चढायचा, नेढं (कातळातलं आरपार भोक) बघून त्र्यंबक दरवाजाने उतरायचं आणि साम्रदला पोचायचं. वेळ उरला तर सांदण दरी. पण गाडी रतनवाडीत आणि आम्ही साम्रदला! परत कसं यायचं? भंडारदरा जलाशयाच्या काठाने पायवाट आहे का? नकाशात एक तुटक रेघ दिसते, ती मध्येच संपते. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लवकर सांगा. मला जी वर्णनं सापडली त्यांत सगळे आल्या वाटेनेच उतरलेत.

गडवाटकरी | ९.५५
किती जण आहात? कुठून येताय? शिड्या आणि कातळातल्या पायऱ्यांची सवय आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

निळं_पाणी | १०.०२
गाडी धरणाजवळच्या शेंडी गावात ठेवा आणि होडीने रतनवाडीला जा. पाण्यातून रतनगड, खुट्ट्याचा सुळका आणि मागची रांग जशी दिसते तशी रस्त्यावरून कधीच दिसत नाही. शिवाय वीसेक किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता वाचतो. आम्ही नेहमी असंच जातो.

सोनकी | १०.०९
पाच जण, ठाण्याहून. होडीने गेलो तरी साम्रदहून परत येण्याचा प्रश्न तसाच राहतो ना? काठाच्या वाटेबद्दल कुणी सांगेल का?

प्रवराकाठ | १०.२०
मी इथल्याच, प्रवरेकाठच्या अकोल्याचा. सलग काठवाट नाही. सप्टेंबरअखेर धरण भरलेलं असतं, पाणी पार झाडीला टेकलेलं. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या गाळावरून लोक चालतात, तेही तुकड्यातुकड्याने. आत्ता तो विचार सोडा. मात्र शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि परत शेंडी असा गाडीरस्ता जलाशयाला वळसा घालतो. म्हणजे साम्रद ते रतनवाडी डांबरी रस्त्याने चालता येईल, पण गड उतरून आल्यावर संध्याकाळी ते चालणं कुणालाच नको वाटतं. साम्रदमध्ये जीप मिळते, पण ती आदल्या दिवशी ठरवावी लागते. तिथे पोचून शोधाल तर अंधार पडेल.

कातळवेडा | १०.३१
उलटं करा. साम्रदहून चढा, शिड्यांनी रतनवाडीत उतरा. त्र्यंबक दरवाजाच्या पायऱ्या गुडघाभर उंच आहेत. सप्टेंबरात त्यांच्यावर शेवाळ असतं. अशा पायऱ्या चढताना हात टेकवता येतात, उतरताना तोल सगळा पुढे जातो. शिवाय खाली आल्यावर अमृतेश्वराचं दर्शन आणि गावात गरम पिठलं-भाकरी.

गडवाटकरी | १०.३८
कातळवेडा, मला हे पटत नाही. शनिवारी दुपारी शिड्यांवर खालून चढणारे आणि वरून उतरणारे समोरासमोर येतात. थकलेल्या पायांनी ओल्या लोखंडावरून, पाठीवर पिशवी घेऊन, खालच्या माणसाला वाट देत उतरायचं? त्यापेक्षा सकाळी सातला शिड्या चढून मोकळं व्हावं. पायऱ्या खडकात खोदलेल्या आहेत, दोन्ही बाजूंना कातळ आहे, बसत बसत उतरता येतं. गर्दीचा धोका मला शेवाळाच्या धोक्यापेक्षा मोठा वाटतो.

कातळवेडा | १०.४४
पायऱ्या संपल्यावर पुढे खुट्ट्याच्या बाजूने जंगलातली वाट आहे, ती विसरलात. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतकं वाढतं आणि ढोरवाटा फुटलेल्या असतात. दुपारी चारनंतर तिथे चुकलात तर काय? साम्रदहून सकाळी चढलं की चुकायला दिवस हाताशी असतो.

गडवाटकरी | १०.४७
म्हणून वाटाड्या घ्यायचा. रतनवाडीच्या बाजूलाही झाडीत फाटा आहेच. एक वाट शिड्यांकडे, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे, तीच पुढे हरिश्चंद्रगडाला जाते. तिथेही माणसं चुकतात. वाट कोणतीही घ्या, गावातला माणूस बरोबर हवा.

हरिश्चंद्र_प्रेमी | १०.५३
एवढी यातायात करण्यापेक्षा पाचनईहून हरिश्चंद्रगड करा ना! शिडी नाही, वाट सोपी. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, केदारेश्वराच्या गुहेत पाण्यातलं शिवलिंग आणि शेवटी कोकणकडा. ढग खाली असतील तर त्या कड्यावरून हलावंसं वाटत नाही. मी सगळ्यांना आधी हरिश्चंद्रगडच सांगतो.

सोनकी | ११.०१
हरिश्चंद्रगड सुंदर आहे, पण मी तो विचारलेला नाही. वडिलांचं लहानपण राजूरला गेलं. ह्या जलाशयाभोवतीच फिरायचं त्यांच्या मनात बरीच वर्षं आहे.

गडवाटकरी | ११.०४
वडील येताहेत? वय काय त्यांचं? अजून कोण कोण आहे?

सोनकी | ११.१२
मी, नवरा, धाकटा भाऊ, मुलगी आणि बाबा. मुलगी दहा वर्षांची, प्रबळगड आणि राजमाची चालली आहे, शिडीला घाबरत नाही. बाबा सहासष्ट वर्षांचे आहेत. गुडघ्यामुळे ते चढणार नाहीत, अमृतेश्वराच्या देवळाशी थांबतील.

लेन्सवाला | ११.१५
देवळाचं कोरीवकाम टिपायचं तर सकाळचं तिरपं ऊन गाठा. पुष्करणीतल्या कोनाड्यांतल्या मूर्तींसाठी तिपाई हवीच, आत उजेड कमी पडतो. नेढ्यात मात्र सगळ्यात रुंद भिंग लावा, नाहीतर माणूस आणि आकाश एका चौकटीत मावत नाही.

माळरानची_ताई | ११.२३
सोनकी, एक विचारू? बाबा गाडी चालवतात का?

सोनकी | ११.२५
हो, रोज चालवतात. गुडघा चढ-उतारालाच दुखतो. का?

माळरानची_ताई | ११.२९
मग गाडी रतनवाडीत ठेवायचीच कशाला? तुम्ही चौघं देवळापासून चढा. बाबांनी निवांत दर्शन घ्यावं, पुष्करणी बघावी, गावात जेवावं आणि दुपारी गाडी घेऊन साम्रदला यावं. रस्ता वळणांचा आहे, उजेडात चालवायचा. म्हणजे काठाची वाट नको, जीप नको, कुणी एकाने गड सोडायचीही गरज नाही. फक्त जास्तीची चावी तुमच्यातल्या एकाकडे ठेवा.

कातळवेडा | ११.३३
हे उत्तम. म्हणजे आता रतनवाडीहूनच चढायचं ठरलं. तरी पायऱ्या ओल्या दिसल्या तर हट्ट करू नका, शिड्यांनीच परत फिरा. मुलीच्या वर एक आणि खाली एक मोठं माणूस ठेवा.

प्रवराकाठ | ११.४०
फिरलात तर बाबांना कळवणार कसं? साम्रदला आणि गडामागे फोन लागेलच असं नाही. आधीच ठरवा : गणेश दरवाजातून वर गेल्यावर, जिथे फोन लागेल तिथून एक निरोप. बाबांनी तो निरोप आल्याशिवाय रतनवाडी सोडायची नाही. दुपारी एकपर्यंत निरोप आला नाही तर तुम्ही आल्या वाटेनेच उतरणार, हे दोघांनी पक्कं धरायचं.

आणि 'वेळ उरला तर सांदण' हे कृपया काढून टाका. आज दुपारीही राजूर भागात सरी पडल्या. दरीच्या तोंडाशीच पाण्याचे डोह आहेत, दुसरा पहिल्यापेक्षा खोल. दोन्ही बाजूंना शेकडो फूट उभे कातळ, मध्ये चिंचोळी घळ. वर पाऊस पडला आणि पाणी आलं तर बाजूला चढायला जागा नाही. पावसाळ्यात वनखातं दरी बंद ठेवतं ते ह्याच कारणाने. उघडली असेल तरी लहान मुलगी घेऊन, दमलेले, संध्याकाळी आत जाऊ नका.

निळं_पाणी | ११.४६
सांदणचं तोंड बघून परत यायला काय हरकत आहे? आम्ही डिसेंबरात सहज जाऊन आलो.

प्रवराकाठ | ११.५१
डिसेंबर आणि सप्टेंबर सारखे नाहीत हो. घाटघर-साम्रद हा राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यांपैकी आहे. डिसेंबरात गुडघ्याशी असलेलं पाणी आत्ता छातीशी असू शकतं. डिसेंबरात जरूर जा म्हणतो मीच.

धरणवाचक | शुक्रवार, सकाळी ६.५०
ह्या जलाशयाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून लिहितो. प्रवरेवरच्या ह्या विल्सन धरणाचं काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला पुरं झालं. जुन्या लिखाणात जलाशयाचं नाव आर्थर लेक असं सापडतं. क्षमता सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट. धरणाच्या पायथ्याचा अम्ब्रेला फॉल पाणी सोडलं तरच दिसतो. भिंतीवरून रतनगडाच्या दिशेला बघाल तेव्हा मुलीला सांगा की प्रवरा त्याच डोंगरात उगम पावते. आणि ही भूमी क्रांतिकारक राघोजी भांगऱ्यांची आहे. १८४८ मध्ये इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. तुम्ही ठाण्याहूनच येताय, तर हे मुलीला माहीत असावं असं मनापासून वाटतं.

गडवाटकरी | ७.१५
धरणवाचक, माहिती छान. आता मूळ प्रश्न. सोनकीताई, गडावर राणीचा हुडा हा बुरूज आणि पाण्याची टाकी बघायला तासभर राखा. लोक नेढ्यात फोटो काढून पळतात आणि हे अवशेष राहून जातात. टाक्यातलं पाणी गाळून-उकळूनच प्या, नाहीतर माणशी तीन लिटर खालून न्या. अत्तर लावू नका, धूर करू नका, कड्यांना आग्या मधमाश्यांची पोळी असतात. खाऊ पिशवीत आत ठेवा, शिड्यांपाशी माकडं हातातलं ओढतात.

सोनकी | ८.०५
सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः माळरानची_ताई आणि प्रवराकाठ. सांदण रद्द, डिसेंबरात वेगळी येऊ. वाटाड्याला आज फोन करते. आज रात्रीच निघून शेंडीत मुक्काम, पहाटे रतनवाडी. बाबांना साम्रदला थांबून कंटाळा येईल का, एवढीच काळजी आहे. तीन-चार तास तरी जातील.

प्रवराकाठ | ८.२२
साम्रदहून पुढे घाटघर आहे. तिथल्या कोकणकड्याच्या जवळपर्यंत गाडी जाते, चढ नाही. ढग हटले तर समोर अलंग-मदन-कुलंगची रांग आणि खाली कोकण. राजूरला वाढलेल्या माणसाला तिथे कंटाळा येणार नाही. साडेतीनला त्यांना साम्रदच्या शाळेपाशी परत यायला सांगा आणि पेट्रोल घोटीतच भरून घ्या.