व्होर्टेक ३५० ला रोलर कॅम : स्प्रिंग, रॉकर, पुशरॉड काय घ्यावं?

माँटेवाला_मिशिगन

नमस्कार मंडळी. १९९७ च्या शेवरोले पिकअपमधलं एल३१, म्हणजे व्होर्टेक ३५० इंजिन, १९८६ च्या माँटे कार्लोमध्ये बसवायचं आहे. ब्लॉक ८८० कास्टिंगचा, हेड ९०६ (हे ओतीव भागावरचे नंबर). इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर लावतोय. टीएच३५० गिअरबॉक्स, २८०० आरपीएमचा स्टॉल कन्व्हर्टर, मागच्या ॲक्सलचा रेशो ३.७३. गाडी मुख्यतः रस्त्यावर चालेल, अधूनमधून पाव मैलाच्या ड्रॅग स्ट्रिपवर. ६२०० आरपीएमच्या वर न्यायची नाही.

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, लोब म्हणजे उंचवटे असलेला दांडा) घेऊन झालाय: हायड्रॉलिक रोलर, ०.०५० इंच उचलीला इनटेक/एक्झॉस्ट २२४/२३० अंश, १.५ रेशोच्या रॉकरवर लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उचल, ०.५०२/०.५१० इंच, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला कोन) ११० अंश. लिफ्टर (लोबवर चालून पुशरॉडमार्फत रॉकर हलवणारे), त्यांना वळू न देणारे डॉगबोन आणि डॉगबोन दाबून धरणारा स्पायडर ब्लॉकमधलेच वापरणार. हेडवरच्या मूळच्या स्प्रिंग आणि रॉकरवर भागेल का? भागणार नसेल तर काय काय बदलू आणि कोणत्या क्रमाने? १.६ चे रॉकर लावले तर फायदा होईल का?

---

लोब_आणि_लिफ्टर

मूळच्या स्प्रिंगवर भागणार नाही. त्यांचा सीटवरचा दाब जेमतेम ८० पौंड. रोलर लिफ्टर वजनाला जड, आणि या कॅमचा लोब फॅक्टरीच्या लोबपेक्षा कितीतरी झपकन उचलतो. वरच्या आरपीएमला लिफ्टर लोब सोडून उडेल, सुटलेली जागा भरायला आतला प्लंजर वर येईल आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होणार नाही. स्ट्रिपवर हे 'इंजिन ५२०० नंतर ओढत नाही' असं जाणवतं आणि माणूस कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसतो.

पण स्प्रिंग ऑर्डर करण्याआधी हेड मोजा. ९०६ आणि ०६२ या दोन्ही व्होर्टेक हेडना एकच दुखणं आहे: साधारण ०.४७० ते ०.४८० लिफ्टला रिटेनरची (स्प्रिंगच्या माथ्यावरच्या टोपीची) खालची बाजू गाइडवरच्या (व्हॉल्व्हची दांडी, म्हणजे स्टेम, ज्यातून सरकते त्या नळीवरच्या) सीलला टेकते. तुमच्या कॅमला ०.५१० हवंय. तसंच चालवलं तर आधी सील फुटतं, मग निळा धूर, मग गाइडचं तोंड झिजतं.

मोजायची रीत: स्प्रिंग काढा, सील गाइडवर बसवा, व्हॉल्व्हला नुसते रिटेनर आणि लॉक (रिटेनर स्टेमला धरून ठेवणाऱ्या पाचरी) लावा. व्हॉल्व्ह सीटवर घट्ट ओढून धरा आणि रिटेनरच्या तळापासून सीलच्या माथ्यापर्यंतचं अंतर कॅलिपरने घ्या. लिफ्ट अधिक ०.०५० इतकं तरी हवं, म्हणजे ०.५६०. सोळाही व्हॉल्व्ह मोजा. जुन्या हेडचं व्हॉल्व्ह-जॉब कुणी कधी केलं असेल तर प्रत्येक स्टेमची उंची वेगळी निघते.

कमी पडलं तर दोन वाटा. एक, गाइडचा बॉस कटरने खाली घेऊन ०.५३० व्यासाला आणायचा आणि त्या मापाचे पॉझिटिव्ह सील लावायचे. कटरचा पायलट ११/३२ च्या गाइडमध्ये बसतो, हातड्रिलवरही काम होतं, पण हेड खाली काढून आणि नंतर कणन् कण धुऊन. दुसरी वाट बीहाइव्ह, म्हणजे वर निमुळत्या, स्प्रिंगची. तिचा रिटेनर लहान आणि हलका असतो, स्टेमवर थोडा वर बसतो, त्यामुळे खाली जागा सुटते.

माझा कौल बीहाइव्हला. सीटवर १३० पौंड धरा. स्प्रिंगचा रेट इंचाला ३७० पौंड असेल तर ०.५१० लिफ्टला १८९ ची भर पडते, म्हणजे पूर्ण उघडल्यावर सुमारे ३२० पौंड. फॅक्टरी लिफ्टर आणि ६२०० आरपीएम यांना एवढं पुरेसं आहे. 'जास्त असलेलं बरं' म्हणून सॉलिड रोलरच्या स्प्रिंग टाकू नका, हायड्रॉलिक लिफ्टरचा प्लंजर त्या दाबाखाली बसत जातो आणि लिफ्ट हरवते.

पूर्ण लिफ्टला कॉइल बाइंडच्या (वेटोळी एकमेकांना टेकण्याच्या) आधी ०.०६० च्या आसपास उरलं पाहिजे. फार जास्त उरवणंही बरं नाही, मधली वेटोळी मोकळी थरथरतात आणि स्प्रिंग लवकर थकते. इन्स्टॉल्ड हाइट (व्हॉल्व्ह बंद असतानाची स्प्रिंगची उंची) प्रत्येक व्हॉल्व्हला मायक्रोमीटरने मोजून शिमने (पातळ चकत्यांनी) सारखी करा.

---

स्टड_७_१६

वरच्या सगळ्याशी सहमत, पण बीहाइव्हच्या सल्ल्यात एक धोका आहे आणि तो आत्ताच सांगितलेला बरा.

व्होर्टेकचे मूळचे रॉकर सेल्फ-अलाइनिंग आहेत. रॉकरच्या टोकाला दोन कडा असतात, त्या व्हॉल्व्हच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. म्हणूनच या हेडवर गाइडप्लेट (पुशरॉडला सरळ धरणाऱ्या खाचांच्या पट्ट्या) नाहीत. आता तुम्ही जागा मिळवायला ०.०५० ने उंच बसणारे लॉक लावले की रिटेनर वर सरकतो आणि स्टेमचं उघडं टोक तेवढंच आखूड होतं. मग त्या कडा रिटेनरवर घासतात. रिटेनर खाली दाबला गेला की लॉक सैल होतात, आणि लॉक सुटलं की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये. पिस्टन आणि हेड दोन्ही गेले.

म्हणून असे लॉक घेतलेत तर सेल्फ-अलाइनिंग रॉकर सोडा आणि साधे रॉकर अधिक गाइडप्लेट घ्या. सेल्फ-अलाइनिंग रॉकर आणि गाइडप्लेट एकत्र कधीच लावायचे नाहीत, कारण रॉकरला दोन जागी दिशा मिळते आणि तो अडकतो. दोन्ही नसले तर रॉकर टोकावरून घसरतो.

स्टडचंही (रॉकर ज्यांवर बसतात त्या खांबांचंही) तसंच. या हेडचे ३/८ चे स्टड दाबून बसवलेले आहेत. ३०० च्या वर दाब गेला की ते हळूहळू वर निघायला लागतात. सुरुवातीला फक्त एका रॉकरचा आवाज वाढतो, तुम्ही ॲडजस्ट करता, आठवड्याने परत तोच आवाज. शॉपकडून जुने स्टड काढून, बॉसची उंची हेक्स आणि गाइडप्लेटच्या जाडीइतकी खाली घेऊन, ७/१६-१४ आटे पाडून घ्या. वर ७/१६ चे स्टड लावा, ३/८ चे नकोत. किमतीत फारसा फरक नाही आणि लवचिकता बरीच कमी होते. भोक इनटेक पोर्टमध्ये उघडत असेल तर आट्यांना सीलर लावल्याशिवाय स्टड कसू नका.

१.६ चे रॉकर? तुमच्या लोबची उचल ०.३३५/०.३४०. १.६ ने गुणलं की ०.५३६/०.५४४. म्हणजे वरची सगळी मोजमापं पुन्हा. शिवाय १.६ मध्ये पुशरॉडचा कप स्टडच्या जवळ येतो आणि पुशरॉड हेडमधल्या खाचेला घासू शकतो. या हेडला ०.५०० च्या वर हवेचा फायदा तसाही फारसा वाढत नाही. १.५ च घ्या, पूर्ण रोलर. फॅक्टरीचे व्हॉल्व्ह कव्हर मधल्या बोल्टचे आणि बुटके आहेत, रोलर रॉकर आणि पॉलीलॉक (रॉकर जागी धरणारे, लॉक होणारे नट) आतून आपटतात. उंच कव्हर किंवा जाड गॅस्केट लागेल, हे बजेटमध्ये धरा.

---

माँटेवाला_मिशिगन

दोघांचे मनापासून आभार. मोजलं: सर्वांत कमी ०.४७८, सर्वांत जास्त ०.४८६. म्हणजे बीहाइव्ह, गाइडप्लेट, ७/१६ स्टड आणि १.५ रोलर रॉकर, असं ठरवतो. हेड शॉपला देताना गाइडचे बॉसही कापून घेऊ का? आणि पुशरॉड ७.२ इंचांचेच मागवू ना?

---

पुशरॉड_शेवटी

बॉस कापून घ्याच. हेड मशिनवर चढलेलंच आहे, आणि मग उंच लॉकची गरज उरते का तेही नीट बघता येईल.

पुशरॉड मात्र आत्ता मागवू नका. ७.२ हे फॅक्टरी रोलर इंजिनचं माप आहे. तुमचा बॉस, स्टड, रॉकर, कॅमचा बेस सर्कल (लोबचा उंचवटा नसलेला गोल भाग), सगळं बदलतंय. हेड, गॅस्केट, रॉकर प्रत्यक्ष बसल्यावर ॲडजस्टेबल चेकिंग पुशरॉडने मोजा. त्या वेळी हलक्या चेकिंग स्प्रिंग आणि एक सॉलिड केलेला लिफ्टर वापरा, नाहीतर प्लंजर दबून माप खोटं येईल.

व्हॉल्व्हच्या टोकावर मार्कर फासा, इंजिन दोन फेऱ्या हाताने फिरवा, रॉकर काढून पट्टा बघा. पट्टा अरुंद हवा, मध्याच्या जवळ हवा. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर अरुंद पट्टा निवडा. रुंद पट्टा म्हणजे रॉकर टोकावर जास्त सरकतोय आणि गाइडला बाजूने ढकलतोय, गाइड अंडाकृती होतं ते यामुळेच. त्यानंतर ०.०५० च्या पटीतलं जवळचं माप मागवा: ५/१६, ०.०८० जाडीची भिंत, क्रोमोली, हार्डन केलेले. गाइडप्लेट असताना मऊ पुशरॉड चालत नाहीत, प्लेट त्यांना करवतीसारखी कापते आणि तो कीस तेलात जातो.

त्याच बैठकीत पिस्टन-व्हॉल्व्ह अंतर मोजा. कॅम आधी डिग्री करा (अंशांच्या चकतीने त्याचं टायमिंग तपासा), मगच. एक्झॉस्ट टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूच्या) साधारण १० अंश आधी सर्वांत जवळ येतो, इनटेक १० अंश नंतर. इनटेकला ०.०८०, एक्झॉस्टला ०.१०० पेक्षा कमी नको.

प्रीलोडबद्दल (लॅश, म्हणजे मोकळीक, शून्य झाल्यावर लिफ्टरचा प्लंजर आणखी किती दाबायचा याबद्दल) सगळीकडे 'अर्धा फेरा' एवढंच सांगतात, पण स्टड बदलला की तो अर्धा फेरा बदलतो. वर, नटाच्या बाजूला, ३/८ च्या स्टडला इंचाला २४ आटे, ७/१६ ला २० (१४ आटे हेडमधल्या बाजूचे). अर्ध्या फेऱ्यात ७/१६ चा नट ०.०२५ खाली येतो. व्हॉल्व्हचं टोक जागचं हलत नाही, त्यामुळे १.५ च्या रॉकरवर पुशरॉडच्या बाजूला ते १.६७ पट होतं: सुमारे ०.०४२ प्रीलोड. या लिफ्टरना तेवढं योग्य आहे. पुन्हा वर पाव फेरा देऊ नका. एक्झॉस्ट उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक लावा, इनटेक जवळजवळ बंद झाला की एक्झॉस्ट लावा. शून्य लॅश पुशरॉड वरखाली हलवून शोधा. बोटांत फिरवून शोधाल तर नवा लिफ्टर दबून फसवतो.

---

लोब_आणि_लिफ्टर

दोन गोष्टी राहिल्या. कॅमच्या कार्डवर डिस्ट्रिब्युटर गिअर कोणता ते बघा. स्टीलच्या बिलेट कॅमवर साधा कास्ट आयर्न गिअर टाकला तर तो झिजून टायमिंग भरकटतं. मेलोनाइझ्ड (पृष्ठभाग कडक केलेला) गिअर लागतो. आणि समोरचं टायमिंग कव्हर या इंजिनाला प्लॅस्टिकचं आहे, एकदा काढलं की तेच परत बसवल्यावर गळतं. कार्ब्युरेटरच लावताय तर रोलर कॅमच्या ब्लॉकसाठीचं धातूचं कव्हर घ्या. डबल रोलर चेन टाकणार असाल तर कव्हर लावण्याआधी इंजिन हाताने फिरवून चेन कुठे घासत नाही ना ते बघा.

पहिल्यांदा चालू केल्यावर फ्लॅट टॅपेट (रोलर नसलेल्या लिफ्टरच्या) कॅमसारखं वीस मिनिटं २००० आरपीएमवर धरायची गरज नाही. इंजिन गरम होऊ द्या, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, मग पॉलीलॉक एकदा तपासा. स्ट्रिपवर नेण्याआधी हे गरम-थंड दोनतीनदा झालेलं असू दे, नव्या स्प्रिंगचा दाब पहिल्या काही वेळांत थोडा उतरतो.