'इट्स ख्रिसमसटाइम अगेन, चार्ली ब्राउन' : २७ वर्षांनी हाती काय लागले?

धागाकर्ता
१९६५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' हा अर्ध्या तासाचा अ‍ॅनिमेशनपट प्रथम दाखवला गेला आणि पुढे कित्येक वर्षे नाताळ आला की तो लागतच राहिला. चार्ली ब्राउन आणि त्याचे सवंगडी ही मुले चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स' या वृत्तपत्रातल्या कॉमिक स्ट्रिपमधली. त्याच मुलांचा, शुल्झ यांनीच लिहिलेला दुसरा नाताळपट, म्हणजे शीर्षकातला हा, यायला १९९२ उजाडले. मी तो नुकताच मुलांसोबत पाहिला आणि माझी घोर निराशा झाली. त्यात कथा नाही. कॉमिक स्ट्रिपमधले विनोद एकामागून एक ओवले आहेत, एवढेच. पहिल्या चित्रपटात चार्ली ब्राउनला सुरुवातीलाच प्रश्न पडतो की सगळे आनंदात असताना आपल्यालाच उदास का वाटते, आणि ते मरतुकडे झाड, नाटकाची तालीम, त्याच्या लायनस या मित्राने म्हटलेला बायबलमधला उतारा हे सारे त्या प्रश्नाभोवतीच फिरते. इथे कोणालाच काही पडलेले नाही. पेगी जीन या मैत्रिणीला हातमोजे घेता यावेत म्हणून चार्ली ब्राउन आपला कॉमिक्सचा संग्रह विकतो आणि मग कळते की तिला ते आधीच मिळाले आहेत. एवढ्या एका प्रसंगावर अर्धा तास उभा राहिला असता. पण तो घाईघाईने उरकून आपल्याला पुढच्या विनोदाकडे ढकलले जाते.

प्रतिसाद १
आपली अपेक्षाच चुकीची आहे, असे मला नम्रपणे वाटते. शुल्झ १९५० पासून रोज चार चौकटींत एक गोष्ट सांगत राहिले आणि त्यांची खरी ताकद त्या चार चौकटींतच आहे. त्यामुळे सुट्या प्रसंगांचा हा चित्रपट मूळ स्ट्रिपशी अधिक प्रामाणिक आहे. नाताळच्या नाटकात चार्ली ब्राउनच्या धाकट्या बहिणीला, सॅलीला, एकच शब्द म्हणायचा असतो, 'हार्क!' (म्हणजे 'ऐका!'), आणि ऐन वेळी तिच्या तोंडून 'हॉकी स्टिक!' निघून जाते, तेव्हा आमच्या घरातली मुले लोळून हसली. कथेला मध्यवर्ती प्रश्न आहे की नाही, हे त्यांनी विचारले नाही. शिवाय १९६५ चा चित्रपटही वाहिनीच्या अधिकाऱ्यांना संथ वाटला होता आणि तो पडणार अशीच त्यांची धारणा होती, हे विसरू नये.

धागाकर्ता
अधिकाऱ्यांना खटकला तो संथपणा, जॅझ संगीत आणि पार्श्वभूमीला ध्वनिमुद्रित हशा नसणे. म्हणजे निर्मात्यांनी जाणूनबुजून पत्करलेल्या गोष्टी. १९९२ च्या चित्रपटात असे धाडस कोणते, ते दाखवावे. चार चौकटी रोज वाचताना मधे एक दिवस जातो, आणि हातमोज्यांचे दुःख त्या दिवसात मुरते. पडद्यावर तो दिवस मिळत नाही. 'हॉकी स्टिक'ला मीही हसलो, हे मान्य.

प्रतिसाद २
मी धागाकर्त्यांशी सहमत आहे, पण कारण वेगळे. मला उणीव जाणवली ती संगीताची. पहिल्या चित्रपटाचे संगीतकार विन्स ग्वारल्डी १९७६ मध्येच वारले. या चित्रपटात डेव्हिड बेन्वा यांनी ग्वारल्डींच्या सुरावटी चांगल्या वाजवल्या आहेत, तरीही पियानोतला तो एकटेपणा आला नाही, आणि तो नसला की चार्ली ब्राउनचा रडवेला चेहरा नुसताच विनोदी दिसतो.

प्रतिसाद १
एकटेपणाचे म्हणाल, तर चार्ली ब्राउनची मैत्रीण पेपरमिंट पॅटी हिला नाटकात येशूची आई मेरी व्हायचे असते, पण ती भूमिका तिच्या मैत्रिणीकडे, मार्सीकडे, जाते आणि पॅटीच्या वाट्याला येते मेंढी. मला तरी त्यात पुरेसा एकटेपणा दिसला. आपण दोघेही जुन्या चित्रपटाची आठवण घेऊन नव्या चित्रपटासमोर बसलात. माझ्या मुलांनी आधी हाच पाहिला.

धागाकर्ता
मग आता त्यांना १९६५ चा दाखवा आणि दुसऱ्या दिवशी कोणता पुन्हा लावायला सांगतात, ते इथे जरूर कळवा.