ओव्हन बंद केला तरी कॉइल लालच, डिस्प्लेवर 'एफ१०'

मदत हवी आहे. इलेक्ट्रिक रेंजचा (वर शेगड्या, खाली ओव्हन) ओव्हन १८० अंशांवर लावला की थोड्या वेळात बीप सुरू होतो आणि 'एफ१०' येतं, म्हणजे मॅन्युअलप्रमाणे ओव्हन प्रमाणाबाहेर तापलाय. आत ठेवलेला थर्मामीटरही २६० च्या वर जातो. बंद केल्यावरही खालची कॉइल लालभडक राहते, त्यामुळे सध्या मेन स्विच बंदच ठेवलाय.

वीज तोडून ओव्हनच्या तापमान सेन्सरचा रोध मोजला: खोलीच्या तापमानाला १०९० ओहम, म्हणजे ठीक वाटतो. कनेक्टर स्वच्छ आहे, वायर जळलेली नाही, कॉइल बॉडीला शॉर्ट नाही. वरच्या शेगड्या नीट चालतात. वॉरंटी संपलीय.

माझा संशय कंट्रोल बोर्डावरच्या बेक रिलेवर (खालच्या कॉइलची वीज चालू-बंद करणारा स्विच) आहे. तो चिकटलाय का हे वीज बंद ठेवून मल्टीमीटरने नेमकं कुठे तपासायचं? आणि नुसता रिले बदलणं सुरक्षित आहे, की अख्खा बोर्डच बदलावा?