मदत हवी आहे: 'धिस इज इट'मधील युगुलगीताच्या तालमीचे विश्लेषण अडले आहे

कोमल_निषाद:
'धिस इज इट' या चित्रपटात मायकेल जॅक्सनच्या शेवटच्या तालमींमधले जे युगुलगीत आहे, त्याच्या गायनावर मी लेख लिहीत आहे आणि एका परिच्छेदावर पूर्णपणे अडलो आहे. गाण्याच्या बऱ्याच भागात त्याचा आवाज दबका वाटतो, काही ओळी तो नुसत्या हलकेच उच्चारून पुढे जातो असे वाटते, आणि शेवटी तोच आवाज एकदम खुलतो. यातल्या पहिल्या भागाला नेमके काय म्हणावे? आवाज थकलेला आहे, मुद्दाम राखलेला आहे, की मागे तयार ट्रॅक वाजत असल्यामुळे तसा भास होतो? लेख उद्या द्यायचा आहे, त्यामुळे कृपया थेट उत्तर द्यावे. सर्वसाधारण माहिती माझ्याकडे आहे.

श्रुतिभेद:
थेट उत्तर देण्यासाठी थेट माहिती लागेल. आपण गाण्याचे नाव दिलेले नाही. आपण तालमीतील सहगायिका ज्युडिथ हिल हिच्याबरोबरच्या गाण्याविषयी बोलत आहात असे मी गृहीत धरतो. पण ही तालीम आपण कोठे पाहिली, पूर्ण चित्रपटात की जालावर कोणी चढवलेल्या तुकड्यात? आणि आवाज 'दबका' आहे हे आपण कशाच्या तुलनेत ठरवले? या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगितले, तरी तो अंदाजच ठरेल.

रंगमंच_रसिक:
माझा सल्ला असा, की या तालमीच्या मागे लागण्याऐवजी आपण याच गाण्याचे 'बॅड' दौऱ्यातील सादरीकरण घ्यावे. १९८७ ते १९८९ या काळातील त्या दौऱ्यात शेरिल क्रो पार्श्वगायिका होती आणि रंगमंचावर हे युगुलगीत तीच त्याच्याबरोबर गात असे. तिला स्वतंत्र गायिका म्हणून नाव मिळाले ते नंतर. पुढे 'डेंजरस' दौऱ्यात मूळ ध्वनिमुद्रणातली सिडा गॅरेट स्वतः हे गाणे गायली. या दोन गायिकांची तुलना हा तालमीपेक्षा कितीतरी समृद्ध विषय आहे, आणि त्यावर मराठीत कोणी लिहिल्याचे मी वाचलेले नाही.

कोमल_निषाद:
@रंगमंच_रसिक, माझा विषय ठरलेला आहे आणि तो तालीम हाच आहे.
@श्रुतिभेद, गाणे 'आय जस्ट कान्ट स्टॉप लव्हिंग यू' हेच आहे. दुसरे युगुलगीत चित्रपटात नसल्यामुळे नाव लिहिण्याची गरज वाटली नाही. तालीम जालावरच्या एका तुकड्यात पाहिली. तुलना १९८७च्या मूळ ध्वनिमुद्रणाशी केली. आणखी एक गोष्ट म्हणजे, माझ्याकडच्या तुकड्यात पट्टी मूळ गाण्यापेक्षा किंचित वर आहे. त्याने तालमीत पट्टी का चढवली असावी, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

ध्वनियंत्री:
ही शेवटची ओळ आपण सुरुवातीलाच लिहायला हवी होती. पट्टी 'किंचित' वर असणे, म्हणजे पूर्ण अर्धस्वराइतकीही (कीबोर्डवरच्या दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराइतकीही) नसणे, हे गायकाच्या निर्णयाचे लक्षण नसते. वाद्यवृंद पट्टी बदलतो तेव्हा ती अर्धस्वरांच्या पूर्ण पायऱ्यांनी बदलतो, कारण कीबोर्ड आणि गिटार ठरलेल्या स्वरांवर जुळवलेले असतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम) चालतो आणि 'पाल' या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बहुधा २५ चौकटींनी चालवला जातो. त्यामुळे सारे काही सुमारे ४ टक्के वेगाने धावते, आणि आवाज वेगळा दुरुस्त केलेला नसेल तर तो अर्धस्वराच्या सुमारे ७० टक्के वर जातो. त्यातून जालावर चित्रफिती चढवणारे काही लोक त्या ओळखल्या जाऊ नयेत म्हणून मुद्दाम वेग किंवा पट्टी बदलतात. आपला तुकडा या दोन्हींपैकी कोणत्याही मार्गाने आलेला असू शकतो.

वेग वाढला की आवाजाचा पोतही बदलतो. गळा लहान आणि पातळ झाल्यासारखा ऐकू येतो. म्हणजे आपण ज्याला 'दबका' म्हणता, त्यातला काही भाग गायकाचा नसून प्रतीचा असेल. आधी चित्रपटाची मूळ वेगाची प्रत मिळवा, मग त्यातला आवाज वाद्यांपासून वेगळा करणारे सॉफ्टवेअर वापरून नुसता गळा बाहेर काढा. गळा एकटा ऐकल्याशिवाय गायनाविषयी एकही वाक्य लिहू नये, असे माझे ठाम मत आहे.

कंठसाधना:
प्रतीच्या वेगाविषयी जे लिहिले आहे ते मोलाचे आहे, परंतु मूळ प्रश्नाचे उत्तर यंत्रात नाही. मी गायन शिकवते, आणि पाश्चात्त्य रंगमंचावरच्या गायकांमध्ये 'मार्किंग' नावाची जी रीत आहे, तिचा उल्लेख इथे आधीच व्हायला हवा होता. तालीम दिवसभर चालते. दिवे, नृत्य, पडदे, प्रवेश आणि बाहेर पडणे या सगळ्यांसाठी तेच गाणे पुन्हा पुन्हा गावे लागते. अशा वेळी गायक पूर्ण आवाज लावत नाही. तो ओळ अर्ध्या आवाजात म्हणतो, उंच स्वर एक सप्तक खाली घेतो, लांब ठेवायचा स्वर तोडतो आणि शब्दांची जागा मात्र अचूक दाखवतो, म्हणजे इतरांना आपापली जागा कळते. लंडनच्या ओटू अरेनामधील मैफली सुरुवातीला १० जाहीर झाल्या होत्या आणि त्या वाढून ५० झाल्या. इतक्या मैफली समोर असलेल्या पन्नाशीच्या गायकाने तालमीत गळा राखणे हे शहाणपणाचे आहे.

या गाण्यात तर ते अधिकच गरजेचे आहे. मधला भाग संपल्यावर संपूर्ण गाणे वरच्या पट्टीत जाते आणि त्यानंतर दोन्ही गायकांनी मोकळ्या जागा आयत्या वेळी सुचलेल्या ओळींनी आणि आलापांनी भरायच्या असतात. ज्याला अखेरच्या चढणीवर पूर्ण दम लावायचा आहे, तो पायथ्याशी धावत नाही. आणि याचा पुरावा चित्रपटातच आहे. शेवटच्या जागा खुल्या गळ्याने घेतल्यानंतर तो स्वतःच भोवतालच्या मंडळींना सांगतो, की आपण आत्ता पूर्ण आवाजात गायला नको होते, आपल्याला गळा हळूहळू तापवायचा आहे. समोर नाचणारी मुले आणि वादक दाद देत होते, त्या दादेने तो ओढला गेला. आपल्या प्रश्नाचे उत्तर खुद्द गायकाने दिलेले आहे.

जुना_श्रोता:
इतक्या सहजपणे हे मान्य करता येणार नाही. १९९६-९७च्या 'हिस्टरी' दौऱ्यात बराचसा भाग आधी मुद्रित केलेल्या आवाजावर झाला होता, हे त्याचे चाहतेही नाकारत नाहीत. मग २००९च्या तालमीत मागे आधार देणारा आवाज नव्हता, असे आपण कशावरून म्हणता? गायकाचे एक वाक्य शेवटच्या जागांपुरते खरे असेल, पण त्याने आधीच्या भागाची खात्री मिळत नाही.

कंठसाधना:
मी आधीच्या भागाविषयी प्रमाणपत्र दिलेले नाही. माझे म्हणणे एवढेच, की जो गायक पूर्ण आवाज लावल्याबद्दल स्वतःला थोपवतो, त्याने त्याआधी आवाज राखलेला होता, हे त्या थोपवण्यातच गृहीत आहे. शिवाय मूळ ध्वनिमुद्रण मागे वाजत असते, तर त्यात सिडा गॅरेटचा गळा ऐकू आला असता. ज्युडिथ हिलचा गळा त्याहून वेगळा आहे, आणि दोघांच्या ओळी एकमेकींत इतक्या गुंफलेल्या आहेत, की त्यातली एकच बाजू मुद्रित ठेवणे अवघड आहे.

जुना_श्रोता:
अवघड आहे, अशक्य नाही. प्रत्येक गळा वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित असतो, त्यामुळे एक ठेवून दुसरा काढता येतो. मी आरोप करत नाही, लेखात 'खात्रीने' हा शब्द येऊ नये एवढेच सुचवतो.

मधुमालती:
मला वाटते आपण सर्व जण उगाच कठीण करत आहात. चित्रपटाबरोबर त्याच नावाचा अल्बम ऑक्टोबर २००९मध्ये निघाला होता. त्यातले गाणे स्वच्छ आहे, मागे गोंगाट नाही. त्यावरून विश्लेषण केले तर सगळे प्रश्न मिटतील.

श्रुतिभेद:
कृपया तसे करू नये. त्या अल्बममध्ये तालमीतला आवाज नाही. त्यात बहुतेक गाणी पूर्वी प्रसिद्ध झालेल्या स्टुडिओतील मूळ मुद्रणांचीच आहेत. तालमीच्या विश्लेषणासाठी तो वापरला, तर आपण १९८७चा गळा २००९चा म्हणून तपासू, आणि 'आवाजात काहीच फरक पडलेला नाही' असा पूर्णपणे चुकीचा निष्कर्ष काढू. जालावर अशी तुलना करणारे लेख मी वाचले आहेत, म्हणून इतके आग्रहाने लिहितो.

उत्तररात्र:
मला एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. पहिली मैफल १३ जुलै २००९ रोजी होणार होती आणि २५ जूनला तो गेला. त्या दबक्या आवाजात येणाऱ्या अंताची चाहूल स्पष्ट ऐकू येते. गाणारा माणूस आतून संपत आला आहे हे ज्याला ऐकू येत नाही, त्याने या तालमीवर लिहू नये.

कंठसाधना:
याला माझा तीव्र विरोध आहे. पुढे काय घडले हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आपण ते मागच्या स्वरांत ऐकतो. त्या दिवशी त्या सभागृहात कोणालाही ते ठाऊक नव्हते. हेच मुद्रण, याच आवाजात, मैफली पार पडल्यानंतर आपल्यासमोर आले असते, तर आपण त्याला 'गळा राखून केलेली तालीम' म्हणून पुढे गेलो असतो. दुःख खरे आहे आणि मलाही ते आहे, पण ते विश्लेषणाच्या जागी ठेवता येत नाही.

उत्तररात्र:
आवाज आणि शरीर वेगळे करता येत नाहीत, एवढेच मी म्हणते. आपण ते वेगळे करत आहात.

कोमल_निषाद:
चर्चा चांगली चालली आहे, पण माझ्या हाती अजून वाक्य आलेले नाही. चित्रपटाची चांगली प्रत मिळवली आहे आणि पट्टीचा प्रश्न सुटला आहे, त्यात ती मूळ गाण्यापेक्षा किंचित वर नाही. @ध्वनियंत्री यांनी सांगितल्याप्रमाणे गळा वेगळा करून पाहिला, तर तो आणखीच फिका आणि पाणचट आला, कारण सभागृहाचा घुमारा आणि झांजांचे अवशेष त्यातच राहिले. आता माझा एकच प्रश्न आहे. मुद्दाम राखलेला आवाज आणि थकलेला आवाज यांतला फरक कानाने कसा ओळखायचा? दोन्ही हळूच असतात.

ध्वनियंत्री:
वेगळा केलेला गळा फिका येणारच. रिकाम्या सभागृहात आवाज शोषून घ्यायला प्रेक्षक नसतात, त्यामुळे घुमारा जास्त असतो आणि सॉफ्टवेअर तो नीट सोडवू शकत नाही. त्या फिकेपणावरून काही लिहू नका. आवाजाच्या मोठेपणावरूनही लिहू नका, कारण चित्रपटासाठी ध्वनिमिश्रण करताना हळू ओळी वर आणि मोठ्या ओळी खाली आणलेल्या असतात. मात्र एक गोष्ट मिश्रणाने सहज बदलत नाही. माणूस जोर लावून गातो तेव्हा आवाजातले वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे त्याहून उंच स्वर) तुलनेने बळकट होतात, आणि हळू गातो तेव्हा ते झपाट्याने विरळ होतात. स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजातले उंच-खालचे स्वर चित्ररूपात दाखवणाऱ्या आलेखात, शेवटच्या मोकळ्या जागा आणि सुरुवातीच्या ओळी शेजारी ठेवून पाहा. वरचा भाग शेवटी भरलेला आणि आधी रिकामा दिसला, तर जोर खरोखरच कमी लावलेला होता, केवळ मिश्रणात आवाज खाली ठेवलेला नव्हता.

कंठसाधना:
या मुद्द्यावर आम्हा दोघांचे एकमत आहे याचा मला आनंद वाटतो. त्यात कानाची बाजू जोडते. थकलेला गळा हळू गातानाही घासतो. ओळीच्या शेवटी स्वर खाली घसरतो, श्वास ओळीच्या मध्येच तुटतो आणि कंप अनियमित होतो. राखलेला गळा हळू असतो, पण स्वराच्या मध्यावर असतो. ओळ सोडायची झाली तर तो ती अर्थाच्या किंवा लयीच्या जागी सोडतो आणि पुढच्या ओळीवर अचूक वेळी येतो. तेव्हा त्याने स्वर किती मोठा लावला याकडे न पाहता, सोडलेल्या ओळीनंतर तो कोठे परत येतो ते ऐका.

श्रुतिभेद:
आणखी एक आधार याच मुद्रणात आहे आणि त्याचा उपयोग कोणीच केलेला नाही. त्याच सभागृहात, त्याच वेळी, त्याच वाद्यवृंदाबरोबर ज्युडिथ हिल गात आहे. १९८७शी तुलना करताना वय, स्टुडिओ आणि निर्माता क्विन्सी जोन्स यांचे संस्कार, सगळेच बदलते. तिच्याशी तुलना करताना घुमारा आणि मिश्रण बहुतांशी सारखे राहते. प्रत्येक ठिकाणी तिची ओळ आणि त्याची ओळ जोडीने ऐका, आणि दोघांमधले अंतर गाणे पुढे सरकते तसे कमी होते का ते टिपा. मात्र त्याआधी कपडे आणि उभे राहण्याच्या जागा पाहून घ्या. चित्रपट वेगवेगळ्या दिवसांच्या मुद्रणांतून जुळवलेला आहे, त्यामुळे एकाच गाण्यात दोन दिवस मिसळलेले असतील, तर सुरुवात आणि शेवट यांची तुलना एका दमाच्या गायनाची राहणार नाही.

जुना_श्रोता:
हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो तपासल्याशिवाय 'आवाज हळूहळू खुलत गेला' असे लिहिता येणार नाही, कारण 'हळूहळू' हा कदाचित संकलकाचा निर्णय असेल.

कोमल_निषाद:
जोडीने ऐकले. शेवटच्या मोकळ्या जागांत तो स्वतःहून पुढे जात नाही, तिच्या ओळीला उत्तर देतो आणि प्रत्येक उत्तरागणिक थोडा अधिक गळा लावतो, असे मला स्पष्ट वाटले. हा भाग सलग दिसतो. त्यामुळे लेखात आता असे लिहिले आहे: 'आधीच्या ओळींत गळा राखलेला आहे, आणि तो खुलतो त्याचे निमित्त सहगायिकेचे आव्हान आणि समोरच्यांची दाद हे आहे. तसे करायला नको होते, हे त्यानंतर तो स्वतः म्हणतो.' मागच्या ट्रॅकविषयी दावा केलेला नाही. आधीच्या भागातल्या कपड्यांची तपासणी आज रात्री करतो.

कंठसाधना:
वाक्य चांगले आहे. 'आव्हान' या शब्दाऐवजी 'साथ' लिहावे असे मला वाटते, कारण ती त्याला मागे ढकलत नाही, जागा करून देते.

उत्तररात्र:
माझ्या मते 'आव्हान'च ठेवावे. पन्नाशीच्या गायकासमोर तरुण गळा उभा राहतो तेव्हा तो केवळ जागा करून देत नाही.