मदत हवी आहे : ब्रिटनमधील मतदान आणि माहेरच्या नावाचा पासपोर्ट

२०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. राष्ट्रकुल देशाची नागरिक म्हणून माझ्या पत्नीला कौन्सिलच्या निवडणुकीत मताधिकार आहे आणि भारतीय पासपोर्टही ओळखपत्र म्हणून चालतो. मात्र तिच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव आहे, तर मतदारयादीत सासरचे. मुदत संपलेल्या बीआरपी कार्डावरही (ब्रिटनमधील वास्तव्याचा परवाना) माहेरचेच आडनाव आहे, आणि ई-व्हिसा फोनवर दाखवून चालत नाही. पोस्टाने मतदान, प्रॉक्सी (आपल्या वतीने दुसऱ्याने मत देणे) आणि मोफत मिळणारे मतदार ओळखपत्र, तिन्हींच्या मुदती संपल्या आहेत. नाव बदलल्याचा पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र सोबत नेता येते, पण आमचे ग्रामपंचायतीचे असून केवळ मराठीत, हस्ताक्षरात आहे. तिचे पहिलेच मत वाया जाऊ नये, ही तळमळ आहे. असे प्रमाणपत्र केंद्राधिकाऱ्यांनी स्वीकारल्याचा कोणाला अनुभव आहे का, आणि इंग्रजी भाषांतर मागितल्यास ते प्रमाणित असावेच लागते का?