सहा हजारांच्या ट्यूब अँपमधला गोडवा कुठून येतो?

जुना_रेडिओ
दोन महिन्यांपूर्वी सहा हजारांचा ट्यूबवाला हेडफोन अँप, म्हणजे हेडफोनचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर, घेतला. दोन ६जे१ ट्यूब (जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हसारख्या), पुढे ऑपअँप (आवाज वाढवणारी चिप), १२ व्होल्टचा अडॅप्टर. आधी हेडफोन थेट लॅपटॉपला लावायचो. आता गाणं भरदार वाटतं, गळ्याचा कोरडेपणा गेला. घरी व्हॉल्व्हचा मर्फी रेडिओ होता, त्याची आठवण येते. माझं मत असं, की या किमतीत याहून सुखाचा आवाज मिळत नाही आणि तो जोखायला कान पुरतो. ज्यांना पटत नसेल त्यांनी सांगा.

सोल्डरवाला
मला पटत नाही. ६जे१ ही शंभराहून जास्त व्होल्टवर चालण्यासाठी बनलेली ट्यूब. तिला जेमतेम बारा-चोवीस व्होल्ट दिले की ती उपाशीच चालते, आणि तुमचा हेडफोन प्रत्यक्षात चालवतो तो ऑपअँप. ट्यूबखालचा नारिंगी उजेडही स्वस्त अँपमध्ये बऱ्याचदा एलईडीचा असतो.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. तुलना करताना लॅपटॉप आणि अँप दोन्हींच्या आवाजाची पातळी सारखी होती का? एखाद्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ वाटत नाही, ‘भरदार’ वाटतो. ४०० हर्ट्‌झचा सूर लावा, हेडफोन जोडलेला ठेवूनच मल्टिमीटरवर एसी व्होल्ट बघा आणि दोन्हीकडे १ टक्क्याच्या आत जुळवा. मग वायर दुसऱ्या कुणाला बदलू द्या, तुम्ही पाठ करून बसा.

स्वरवेडी
मी गाणं शिकते. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो, तो कुणी छेडलेला नसतो. जवारी काढायची (तारेखालची घोडी घासून जुळवायची) ती उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर, खुलावेत म्हणूनच ना? ट्यूब मुख्यतः दुसरा उपस्वर वाढवते, म्हणजे सा वर तार सा. त्याला दोष का म्हणायचं? आणि दहा-दहा सेकंदांचे तुकडे ऐकून निकाल देणं मला मान्य नाही. विलंबित ख्याल तासभर ऐकल्यावर कान थकतो का, ही माझी कसोटी.

सोल्डरवाला
@स्वरवेडी, जवारी तानपुऱ्याची, आणि ती ध्वनिमुद्रणात आलेलीच असते. अँप त्यावर आणखी भर घालतो. एकटा सूर असेल तर तार सा येईल, कबूल. पण तानपुरा आणि गळा एकत्र आले की तोच अँप दोन सुरांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्यांचेही सूर तयार करतो, आणि ते रागात बसतीलच असं नाही. तासभर जरूर ऐका, फक्त कोणता अँप चालू आहे ते माहीत नको.

तीनशे_ओहम
तुम्ही दोघंही हेडफोनबद्दल बोलतच नाही आहात! माझ्याकडे सेनहायझर एचडी ६०० आहे. नावाला ३०० ओहम, पण शंभर हर्ट्‌झच्या आसपास त्याचा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) पाचशेच्या घरात जातो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ट्यूब अँपचा स्वतःचा इम्पिडन्स समजा १०० ओहम असेल, तर हिशेबाने खालच्या सुरांना जवळजवळ १ डेसिबल जास्त मिळतं. ही ऊब मोजता येते आणि ऐकूही येते. तोच अँप ३२ ओहमच्या हेडफोनला लावला तर बरीचशी ताकद अँपमध्येच जिरते. म्हणून ‘अँपचा आवाज कसा आहे’ या प्रश्नाला हेडफोनचं नाव घेतल्याशिवाय अर्थ नाही. १९८५ साली बॉब कार्व्हर या अमेरिकन अँप बनवणाऱ्याने आपला ट्रान्झिस्टर अँप एका महागड्या ट्यूब अँपशी इतका जुळवला, की ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. तो गोडवा ट्यूबच्या काचेत असता तर हे जमलं नसतं.

जुना_रेडिओ
काल रात्री करून बघितलं. पातळी जुळवताना कळलं, की मी अँप लॅपटॉपपेक्षा बराच मोठा ठेवून ऐकत होतो. जुळवल्यावर भरदारपणा पुष्कळ ओसरला, हे लिहिताना वाईट वाटतंय. मुलीने वायर बदलली, १० पैकी ७ वेळा ओळखलं.

सोल्डरवाला
नुसत्या अंदाजाने दहात सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण १७ टक्के असते. यावरून ना तुमचं सिद्ध होतं ना माझं. आणि ओळखलंत ते कशावरून?

जुना_रेडिओ
दोन गाण्यांमधल्या शांततेत बारीक गुणगुण येते, त्यावरून. गाणं सुरू झालं की माझी खात्री डळमळायची. ट्यूबवर टिचकी मारली तर कानात टिंग वाजतं, तेही आता खटकायला लागलंय. तरी अँप परत करत नाही. रविवारी वीस फेऱ्या करतो, शांततेचा भाग कापून. @स्वरवेडी, तासभराचा ख्याल तुम्ही सुचवा. कोणता अँप चालू आहे ते मुलगी शेवटीच सांगेल.